गाठीचा लव्हाळा

तळ्याचं पाणी ओसरून लव्हाळा पुरता उघडा पडला, की गावातल्या बायका विळे घासायला काढत आणि पुरुष होड्या पालथ्या घालून डांबर लावत. त्या वर्षी विळे घासून झाले, डांबरही लावून झालं, आणि मग तळ्याभोवती तार आली.

एकदम नाही आली. आधी खांब आले. लोक म्हणाले, गुरं अडवायला असतील. मग खांबांना भोकं दिसली, तेव्हा म्हणाले, सरकारचं काम, भोकं पाडण्यात हयात जाईल. वाईट गोष्ट आपल्या दारात येऊन उभी राहीपर्यंत ती शेजाऱ्याकडेच निघाली आहे असं माणसाला वाटत असतं. हे गाव तरी वेगळं कसं असेल? तार ओढून झाली, मोठं फाटक बसलं, फाटकावर लांब चोचीचा पक्षी रंगवला, तेव्हा कुठे लोकांच्या लक्षात आलं की आपण बाहेर आहोत.

धाकटी तेव्हा अंगणात बसून विळ्याची मूठ बसवत होती. घरात दोन सुना, थोरली आणि ही. हिला सगळं गाव धाकटीच म्हणायचं, आणि आता डोक्यात पांढरे केस आले तरी ती धाकटीच होती. थोरला दीर बायकोला घेऊन पलीकडच्या आळीत वेगळा राहायचा. सासू मात्र धाकट्या मुलाकडे. "थोरलीच्या हातचं गिळवत नाही," असं म्हातारी चारचौघांत सांगायची, आणि धाकटीला ते ऐकून उगाचच बरं वाटायचं.

घर चालायचं ते चटयांवर. नवरा होडी नेऊन लव्हाळ्याचे भारे काठाला लावायचा, कापणं आणि विणणं धाकटीचं. वर्षानुवर्षं पाण्यात उभं राहून दोघांच्याही बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, आणि नवऱ्याचे गुडघे तर चाळिशीतच म्हाताऱ्याचे झाले होते.

कापणीची त्या गावची रीत होती. लव्हाळा कुणाच्या नावावर नव्हता. हंगामाच्या पहिल्या दिवशी जो तो आपल्या नेहमीच्या जागी जाऊन कडेच्या चार काड्या एकत्र घेऊन गाठ मारायचा. प्रत्येक घराची गाठ वेगळी. धाकटीची दुहेरी, आतल्या अंगाला वळवलेली. गाठ दिसली की दुसरा विळा तिथे लागत नसे. पण तोंडानं "हा लव्हाळा माझा" असं कुणी म्हणायचं नाही. लव्हाळा तळ्याचा, आपली फक्त गाठ. धाकटी नवी नवरी असताना एकदा काठावर म्हणून गेली, "माझा कोपरा राहिलाय अजून." सासूनं सगळ्या बायकांदेखत तिच्या तोंडावर चापट मारली होती. "माझा म्हणे! तळं काय तुझ्या बापानं खणलं?" बायका हसल्या. धाकटीला रडू आलं, पण पुढे तिला त्या चापटीचा अभिमानच वाटू लागला. आपण चांगल्या वळणाच्या घरात पडलो, असं ती माहेरी सांगायची.

तार लागल्यावर थोड्याच दिवसांत शाळेच्या ओसरीवर सगळ्यांना बोलावणं आलं. साहेब तसा भला माणूस होता. घाम पुसत, पाणी मागून घेत त्यानं सगळं नीट समजावलं. तळं आता पक्ष्यांसाठी राखीव. मासेमारी बंद, लव्हाळा कापणं बंद. पण लांबून लोक बघायला येतील, गावाला रोजगार मिळेल. ज्याचं नुकसान होतंय त्याला काही ना काही मिळेल. कुणाला टपरी, कुणाला होडीचा परवाना, कुणाला फाटकावर नोकरी.

"फक्त तुमचं इथे काय आहे ते सांगा," साहेब म्हणाला. "सांगेल त्याचाच विचार होणार. मला घरी बसून स्वप्न पडणार नाही."

पहिला पुढे झाला तो म्हातारा कोळी. तो म्हणाला, "आमचं कसलं, साहेब? तळ्याचं सगळं."

दुसऱ्यानं तेच सांगितलं. तिसऱ्यानंही. साहेबानं पेन खाली ठेवलं. "अहो, काहीतरी असेल की! कापता ना तुम्ही?"

"कापतो. पण तळ्याचं."

धाकटीचा नवरा पुढे झाला. एरवी चारचौघांत मान खाली घालणारा माणूस, पण त्या दिवशी छाती काढून म्हणाला, "आमची जीभ झडेल साहेब, आमचं म्हटलं तर." लोकांनी माना डोलावल्या. मागे बायकांत उभ्या असलेल्या धाकटीचा ऊर भरून आला.

मग उंचीची पाळी. उंची म्हणजे धाकटीच्या शेजारची विधवा. दोघींच्या गाठी उगवतीच्या कोपऱ्यात लागूनच असायच्या, आणि इतकी वर्षं दोघी एकाच तालात कापत आल्या होत्या. खोल पाण्यातही तिला कमरेपर्यंतच पाणी लागायचं, म्हणून उंची. ती म्हणाली, "माझा आहे फक्त विळा. नेताय का?" ओसरी हसली. साहेबसुद्धा हसला.

सगळ्यात शेवटी थोरला उठला. त्यानं घसा खाकरला, कुणाकडे पाहिलं नाही.

"उगवतीचा कोपरा," तो म्हणाला. "बांधावरच्या मोठ्या दगडापासून वाकड्या झाडापर्यंत. तो माझा. बापापासून आम्हीच कापतो."

म्हातारा कोळी बाजूला वळून थुंकला. सासूनं पदर तोंडावर ओढून घेतला. तिला लाज वाटली असणार, असं धाकटीला वाटलं आणि तिची कीव आली. तिनं म्हातारीचा हात धरून तिला घरी आणलं. वाटेत नवरा एवढंच म्हणाला, "दादाची जीभ घसरली. तो सांगेल उद्या जाऊन." दादा काही सांगायला गेला नाही.

फाटकाच्या आत थोरल्याला पक्की टपरी मिळाली, लोकांना तळ्यातून फिरवायला होडी मिळाली, आणि पक्ष्याचं चित्र असलेली टोपी मिळाली. टोपी तो जेवतानाही काढत नसे म्हणे. बाकीच्यांना काहीच मिळालं नाही, कारण त्यांचं काही नव्हतंच. तसं त्यांनीच सांगितलं होतं. साहेबाची बदली झाली आणि नव्या साहेबानं ते सगळं पुन्हा ऐकून घ्यायला नकार दिला. पालथ्या होड्या उन्हानं तडकल्या. कोळी शहरात लेकीकडे गेला. रोजगार आला तो एवढाच की लोकांना चालायला तळ्याकाठी पायवाट करायची होती, आणि तिच्यावर खडी टाकायला ठेकेदार माणसं बघत होता. धाकटीचा नवरा जाऊ लागला. संध्याकाळी त्याचे गुडघे दुधीभोपळ्यासारखे सुजलेले असत. तो त्यांच्यावर गरम पाणी ओतत बसे आणि दादाबद्दल कुणी वाकडं बोललं तर चिडे. "त्यानं त्याचा कोपरा सांगितला, त्यात तुमचं काय गेलं?" म्हणे.

घरातल्या विणून ठेवलेल्या चटया विकून संपल्या. मग एका पहाटे धाकटी आणि उंची तारेखालून आत शिरल्या. चोरी करतोय असं धाकटीला वाटतच नव्हतं, आपल्याच घरात परसदारानं शिरल्यासारखं वाटत होतं. लव्हाळा डोक्याच्या वर गेला होता. न कापल्यामुळे खाली कुजून काळा पडला होता, वास येत होता. दोघींनी एकेक पेंढी कापली असेल-नसेल, तोच फाटकवाल्यानं शिट्टी मारली. उंची लांब ढांगा टाकत निसटली. धाकटीचा पाय गाळात रुतला.

फाटकवाला शेजारच्या गावचा पोरगेलासा माणूस. त्यानं विळा काढून घेतला, पेंढी काढून घेतली. वर हसून म्हणाला, "अहो काकू, या कोपऱ्याचा मोबदला तुमच्याच घरानं घेतलाय ना? दगडापासून झाडापर्यंत. कोंबडी विकायची, आणि परत तिची अंडी न्यायला यायचं?"

"तो कोपरा दिराचा नाही," धाकटी म्हणाली. "पलीकडचा तुकडा तेवढा त्यांचा. हा—" आणि पुढचा शब्द तिला उच्चारताच येईना. त्या चापटीपासून न उच्चारलेला शब्द ऐन वेळी कसा तोंडात येणार?

त्यानं तिला फाटकाच्या खांबापाशी बसवून ठेवलं. पायाला गाळ, साडी मांडीपर्यंत ओली, आणि तिकीट काढून येणारी माणसं वळून वळून बघत होती. एका पोरीनं आईला विचारलं, "ही कोण गं?" आईनं तिला पुढे ओढलं. ऊन चढल्यावर थोरला आला. टोपी सरळ करून म्हणाला, "माझ्या घरची आहे. सोडा तिला." माझ्या हा शब्द त्याच्या तोंडून किती सहज निघाला!

त्यानं तिला टपरीवर बसवून चहा दिला. चहा गोड होता आणि ती उपाशी होती, म्हणून प्यायली. पिताना स्वतःचाच राग आला.

"धाकटे, चोऱ्यामाऱ्या कशाला?" तो म्हणाला. "इथे माझ्या टपरीसमोर बस. चटई विण. लोकांना बघायला आवडतं. रोजचा रोज देईन."

"लव्हाळा कुठून आणायचा?"

"एक भारा कापायची परवानगी काढलीय मी. दाखवण्यापुरती."

ती तिथून निघाली ती आधी उंचीकडे गेली आणि तिनं सगळं सांगितलं. तुझ्याही तुकड्याचा मोबदला त्यानंच घेतलाय, हेही. उंची भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "दिराची करणी, तुझी नाही. तू जा बस. घरी दोन तोंडं आहेत तुझ्या." तेवढ्या शब्दांवर धाकटीनं फाटकाची वाट धरली.

पहिल्या दिवशी काम हातात आल्यावर तिला खरं सांगायचं तर आनंदच झाला. ओला लव्हाळा, सुतळी, लाकडी फणी. हात आपोआप चालू लागले. लोक भोवती जमले, फोटो काढले. एक बाई शेजारी बसून म्हणाली, मी करून बघू? तिनं दोन काड्या मोडल्या आणि खूश होऊन गेली. संध्याकाळपर्यंत चटई निम्मी झाली. धाकटीनं कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली.

"आता उसव," थोरला म्हणाला.

"काय?"

"उसव म्हणजे उसव. भारा एकच आहे. आज संपवलास तर उद्या काय विणशील? माझं डोकं?"

तिला वाटलं दीर थट्टा करतोय. तो करत नव्हता. तिनं सुतळीच्या गाठी एकेक सोडल्या, काड्या एकेक ओढून काढल्या, भिजवलेल्या पोत्यात गुंडाळून ठेवल्या. विणायला लागतात त्याहून जास्त कष्ट उसवायला लागतात, हे तिला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं, कारण उसवायची वेळच कधी आली नव्हती.

मग ते रोजचंच झालं. दिवसभर विणायचं, संध्याकाळी उसवायचं. काड्या त्याच त्याच जागी वाकून मऊ पडल्या, धाकटी त्यांना नावं ठेवू शकली असती. कुणी विचारलं, "ही चटई विकत मिळेल का?" की थोरला टपरीतून पुढे येई. "ती दाखवायची आहे, ताई. विकायच्या या." आणि तो ट्रकनं आलेल्या प्लास्टिकच्या चटया पसरून दाखवी. त्यांच्यावर फाटकावरचाच पक्षी छापलेला. लोक त्याच घेऊन जात. धाकटीच्या डोळ्यांसमोरून त्या गुंडाळ्या जात, आणि तिच्या मांडीवरची चटई कधीच पुरी होत नसे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

एका सुट्टीच्या दिवशी फार गर्दी झाली. एका म्हाताऱ्या पाहुण्यानं चष्मा लावून विणकाम निरखलं आणि थोरल्याला विचारलं, "हे कुठून शिकल्या या?"

"आमच्या घरची कला आहे ही," थोरला म्हणाला. "हा सगळा कोपराच आमचा होता. पक्ष्यांसाठी सोडला आम्ही."

सोडला आम्ही! धाकटीच्या हातातली फणी थांबली. संध्याकाळी फाटक बंद व्हायची वेळ झाली तरी तिनं उसवायला हात लावला नाही.

"भाऊजी, एक विचारते. तुमचा तुकडा तुम्ही सांगितलात, सांगितलात. आमचा आणि उंचीचा कशाला ओढलात त्यात?"

थोरला फळी पुसत होता. पुसलेलीच पुन्हा पुसू लागला. "झालं ते झालं. उसव आता."

"नाही उसवत. आधी सांगा."

"मी एकट्यानं ठरवलं असं वाटतं तुला?" तो एकदम ओरडला. त्याचा चेहरा लाल झाला होता, आणि धाकटीला पहिल्यांदाच तो घाबरलेला दिसला. "माझ्यात कुठली एवढी अक्कल? सगळे मलाच चोर म्हणतात. जा घरी. तुझ्या लाडक्या सासूला विचार!"

ती चटई तशीच टाकून उठली.

घरी म्हातारी दारात बसून तांदूळ निवडत होती. नवरा आत घमेल्यात पाय सोडून गुडघ्यांवर गरम पाणी ओतत बसला होता. धाकटीनं चपला काढल्या नाहीत.

"आई, ओसरीवर कोपऱ्याचं बोलायला भाऊजींना तुम्ही सांगितलं होतं?"

म्हातारीचं बोट तांदळात फिरत राहिलं. "कोण म्हणालं?"

"तेच म्हणाले."

"पोटात काही ठरत नाही त्या मेल्याच्या." तिनं एक खडा काढून बाहेर टाकला. "हो. मी सांगितलं. साहेबाच्या गाडीचा ड्रायव्हर थोरल्याला आदल्या दिवशी बोलला होता, की मागेल त्यालाच मिळणार. तो माझ्याकडे आला. मी म्हटलं, जा, माग. सगळा कोपरा माग. मागायचंच तर थोडकं कशाला? बोलणाऱ्याची बोरं खपतात."

"आणि आम्हाला?"

"तुम्हाला काय?"

"आम्हाला का नाही सांगितलंत?" धाकटीचा आवाज चिरकला. "मी इथेच होते ना आई! त्या रात्रीही तुमचे पाय चेपत होते मी!"

"तुला सांगितलं असतं, तर तू जाऊन उंचीला सांगितलं असतंस. उंचीनं नळावर सांगितलं असतं. सगळा गाव माझं माझं करत उठला असता, मग एका टपरीचे किती तुकडे करणार?" म्हातारी आता तिच्याकडे बघत होती, डोळ्यांत पाणी होतं, पण ती काही माफी मागत नव्हती. "मला वाटलं, थोरल्याला एकदा मिळू दे, तो धाकट्याला निम्मं देईल. मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. नाही दिलं त्यानं. त्याला मी काय करू? माझ्याही तोंडाला पानं पुसली त्यानं."

"तोंडावर मारलं होतंत तुम्ही मला. त्या एका शब्दासाठी."

"तेव्हा तळं तळं होतं," म्हातारी म्हणाली.

घमेल्यातलं पाणी हललं. नवरा भिंतीला धरून उठायचा प्रयत्न करत होता, पण गुडघे उचलत नव्हते. तो तसाच, अर्धवट वाकलेला म्हणाला, "आई, मला सांगायचंस. मी बोललो असतो."

"तू? जीभ झडेल म्हणालास तू साहेबाला."

"तू सांगितलं असतंस तर बोललो असतो." त्याला हुंदका आला. "मला वाटलं, आपल्या घरात असंच बोलायचं असतं. तुला बरं वाटेल म्हणून मी तसं बोललो."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. धाकटीनं आत जाऊन नवऱ्याला धरून खाटेवर बसवलं, त्याचे पाय पुसले. आजवर तो भावाची बाजू घ्यायचा म्हणून ती त्याच्यावर मनातून चिडलेली असायची. त्या संध्याकाळी तिला त्याच्याएवढं फसवलं गेलेलं माणूस दुसरं दिसेना. म्हातारीचं एक खरं होतं. आपल्याला कळलं असतं तर आपण उंचीला सांगितलंच असतं. आणि सगळा गाव बोलला असता तर सगळ्यांना थोडं थोडं तरी मिळालं असतं, निदान साहेबाला पुन्हा विचार करावा लागला असता. म्हणूनच तर सांगितलं नाही. हे जितकं कळत गेलं तितकं तिला ते घर परकं वाटू लागलं.

सकाळी ती फाटकावर गेली नाही. कळशी घेऊन नळावर गेली. घरातलं चव्हाट्यावर आणू नये, हेही तिला सासूनंच शिकवलं होतं. बायका ओळीनं उभ्या होत्या. तिनं कळशी खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. ड्रायव्हर काय बोलला, म्हातारीनं काय ठरवलं, थोरल्यानं काय कबूल केलं होतं. एकही गोष्ट झाकून ठेवली नाही. आता टपरीसमोरचं काम गेलं, हे तिला बोलतानाच कळत होतं. पण अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. तिला वाटलं, आता बायका चिडतील, आपण सगळ्या मिळून नव्या साहेबाकडे जाऊ, आणि उंची सगळ्यांच्या पुढे असेल.

एकीनं आपली भरलेली कळशी उचलली आणि ती निघून गेली. मग दुसरी गेली.

उंची नळाला टेकून उभी होती. "निम्मं देणार होता म्हणालीस?"

"कबूल केलं होतं त्यानं आईंजवळ. दिलं काहीच नाही."

"म्हणजे दिलं असतं तर आज तू आली नसतीस इथे."

"अगं, मला माहीतच नव्हतं! कालच कळलं."

"एका छपराखाली राहता तुम्ही. एका ताटात जेवता. तुझ्या घरात ठरलं आणि तुलाच ठाऊक नाही?" उंचीचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचंच धाकटीला भय वाटलं. "तू त्याच्या टपरीसमोर बसलीस, तेव्हा गावात सगळे बोलले. मी एकटी म्हणाले, पोटासाठी बसलीय बिचारी. माझ्या तुकड्यावरचा लव्हाळा होता ना गं तो, तू रोज विणायचीस तो?"

तो भारा कुठून कापला हे धाकटीनं कधी विचारलंच नव्हतं. तिनं नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि नाही म्हणता येईना.

उंचीनं आपली कळशी कमरेवर घेतली. "पोटासाठी नव्हे," ती म्हणाली. "हिश्श्यासाठी बसली होतीस." आणि लांब लांब ढांगा टाकत ती आपल्या घराकडे गेली. नळावर धाकटीचीच पाळी होती. मागे दुसरं कुणी उरलं नव्हतं.